पितांबर मुन्शीची कबुलीशाळा

पितांबर मुन्शी सत्त्याण्णव साली वारला, तेव्हा आमच्या तालुक्याच्या कोर्टातल्या वकील मंडळींनी शोकसभा घेतली. ठराव टाइप करायला माझ्याकडे आला, कारण आवारात चिंचेखाली टाइपरायटर मांडून बसणारा मी एकटाच उरलो होतो. ‘गोरगरिबांचा वाली’, ‘चालताबोलता कायदा’, ‘निःस्वार्थ सेवेची तीस वर्षे’ असं सगळं मी कार्बन घालून तीन प्रतींत बडवलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मुन्शी जिवंत होता तेव्हाही मी हाच नियम पाळला होता, आणि त्यातून कोणाचं काय भलं झालं ते सांगायलाच बसलो आहे.

मुन्शी म्हणजे वकिलाचा कारकून. कागद शोधायचे, नकला काढायच्या, पक्षकाराला तारीख कळवायची, एवढंच त्याचं काम. पितांबर हा बन्सीलाल वकिलांचा मुन्शी. बन्सीलाल वकील म्हातारे झाले, दुपारी बाररूममध्येच डुलक्या काढू लागले, तसा पितांबरचा रुबाब वाढत गेला. वकिलांचा जुना काळा कोट त्यानं मागून घेतला होता. बाह्या बोटांपर्यंत येत. त्या तो दुमडत नसे, कारण दुमडल्या तर कोट दुसऱ्याचा आहे हे कळलं असतं, असं त्याला वाटे. ते सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

शिक्षण जुनी सातवी. पण बोलायला लागला की फिर्याद, जबाब, मुद्देमाल, बाइज्जत असे शब्द तोंडातून नुसते सांडत. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली माणसं मी पुष्कळ पाहिली. याला हळकुंडाचा वाससुद्धा पुरला होता.

त्याची खरी कर्तबगारी किरकोळ गुन्ह्यांत. सायकलला दिवा नाही, रस्त्यात गाडी उभी केली, बाजारात हुज्जत घातली, खिशात देशीची बाटली सापडली, असले खटले. महिनाअखेर आली की कोर्टाला निकालांचा आकडा हवा असे, आणि पोलिसांनाही कपाट रिकामं हवं असे. त्या दिवशी पाटाच्या पाण्यासारखी माणसं आवारात येत. पितांबर मुन्शी त्यांना चिंचेखाली ओळीनं उभं करी आणि शाळा घेई. होय, शाळाच. गुन्हा कबूल कसा करायचा, याची.

“हात असे जोडायचे. छातीशी नको, पोटाशी. छातीशी जोडले तर मत मागायला आल्यासारखं दिसतं. नजर खाली. साहेबांनी विचारलं, कबूल आहे का, की एक श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, ‘कबूल, साहेब. चूक झाली.’ श्वास घेतला नाही तर पाठ करून आल्यासारखं वाटतं.”

म्हाताऱ्यांना तो खोकायला लावी. बायकांना पदर डोक्यावरून पुढे ओढायला सांगे. मग सगळ्यांकडून दोन-दोनदा म्हणवून घेई. मी शेजारी बसून टाइप करत असे आणि माझ्या कानावर एका तालात ‘कबूल, साहेब’ पडत राही. एकदा झिपरू नावाच्या सालदारानं दिवा नसलेली सायकल चालवल्याचं कबूल केलं. त्याच्याकडे सायकल नव्हती. त्याला सायकल चालवताच येत नव्हती. त्याच्या नावाचा दुसरा कोणी माणूस होता, समन्स याला आलं होतं. “मुन्शीजी, मी कधी सायकलवर बसलोच नाही,” असं तो म्हणाला तर पितांबरनं त्याला झापलं, “मग काय वर्षभर तारखा खात बसशील? कबूल म्हण, मोकया हुई जाय.” झिपरू पोटाशी हात जोडून मोकळा झाला.

खरं सांगायचं तर त्याच्या बोलण्यात थोडं तथ्यही होतं. नाकबूल म्हणणाऱ्याला दर महिन्याला मजुरी बुडवून यावं लागे, कधी पंच नाही, कधी साहेब रजेवर. पितांबरकडे गेलेला माणूस दुपारच्या गाडीनं घरी जाई. आणि पैसे तो गरिबाकडून घेत नसे, हेही खरं. पैसे खाणारा परवडला. याला आपलं ऐकणारी माणसं हवी असत. ओळीत उभ्या असलेल्यानं जरा प्रश्न विचारला, की त्याचा चेहरा आंबट होई.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर जळगावहून सपकाळे नावाचे तरुण वकील आमच्या कोर्टात येऊ लागले. नुकतेच पास झालेले, बापाची रेल्वेत गँगमनची नोकरी. सगळे वकिलांना साहेब म्हणत. पितांबर यांना नुसतं ‘सपकाळे’ म्हणे. का, ते आवारातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. बाररूममधल्या माठाचं पाणी सपकाळे प्यायले त्या दिवसापासून पितांबर घरून तांब्या आणू लागला. असला हा चालताबोलता कायदा.

सपकाळ्यांचे अर्ज मीच टाइप करत असे. त्यातल्या एका अर्जात मला पहिल्यांदा ते कळलं. किरकोळ गुन्ह्याला मुदत असते. नुसत्या दंडाचा गुन्हा असेल तर सहा महिने, वर्षापर्यंतच्या शिक्षेचा असेल तर एक वर्ष. तेवढ्यात पोलिसांनी कागद कोर्टात आणला नाही, तर कोर्टानं त्याची दखल घ्यायची नाही. उशिराचं सबळ कारण दिलं तर गोष्ट वेगळी. मी दोनदा विचारलं, “हे खरं आहे का?” सपकाळे हसले. “चौऱ्याहत्तर सालापासून खरं आहे, कौतिकभाऊ. फक्त कोणी विचारत नाही.”

आता आधारची गोष्ट.

आधार हा पितांबरच्या मोठ्या बहिणीचा, द्रौपदाबाईचा मुलगा. गाव आमच्याच तालुक्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं. बाप उखर्डू दुसऱ्याच्या बागेत पाणी धरणारा. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात उखर्डूची म्हैस अडली होती, ती सुटली, म्हणून शेताच्या बांधावरच्या म्हसोबाला मानता फेडायची होती. नारळ, लिंबू आणि दारूची धार. म्हसोबाला धार लागतेच, ती काही चहाची चालत नाही. उखर्डूला ताप होता, म्हणून त्यानं दहावी पास झालेल्या आधारला तालुक्याला पाठवलं. पोरगं सतरा वर्षांचं. पिशवीत नारळ, लिंबू आणि देशीची एक सीलबंद बाटली घेऊन ते बसस्टँडवर उभं होतं. महिनाअखेर होती. हवालदारानं पिशवी पाहिली.

पंचनामा झाला. वय सतरा, परवाना नाही, एक बाटली जप्त. नारळ आणि लिंबू परत दिले. जामिनावर पोरगं त्याच संध्याकाळी सुटलं आणि म्हसोबाला दुसरी बाटली उखर्डूनं तापातच जाऊन आणून दिली.

त्यानंतर पोलिसांचा कागद कपाटात पडला, तो पडलाच. सहा महिने गेले, वर्ष गेलं, दोन गेली. आधारनं बारावी केली, बॅज बिल्ला काढला, एसटीत कंडक्टरच्या भरतीला अर्ज केला. जळगावला लेखी परीक्षा झाली, तोंडी झाली, यादीत नाव लागलं. उन्हाळ्यात बोलावणं येणार होतं. उखर्डूच्या घरात आजवर कोणाला महिन्याचा पगार मिळाला नव्हता. द्रौपदाबाई येईल त्या बसच्या कंडक्टरकडे बघत उभी राहायची, म्हणे.

आणि अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत नवीन फौजदारानं कपाट साफ केलं. सगळे जुने कागद एका गठ्ठ्यात कोर्टात आले. गुन्हा एप्रिल पंच्याऐंशीचा, कागद जानेवारी अठ्ठ्याऐंशीचा, आणि उशीर का झाला याची एक ओळसुद्धा नाही. आधारला समन्स गेलं.

बारा फेब्रुवारीला द्रौपदाबाई मुलाला घेऊन आली. तिला भीती नव्हतीच. चिंचेखाली बसून ती मला म्हणाली, “पितांबर शे ना आठे. मंग माले कसानी कायजी?”

आधारला मात्र काळजी होती. तो पितांबरला म्हणाला, “मामा, बाटली तं देवनी व्हती. मी कबूल कसाले करू?”

“देव काय साक्ष देवाले येई का?” मुन्शी म्हणाला. “नोकरी लागनी तुले. तारखा खात बसशी का ड्युटी करशी? आज कबूल म्हण, आज फाइल बंद.”

त्या दिवशीची खटल्यांची यादी मीच टाइप केली होती. आधारच्या नावापुढची तारीख माझ्याच बोटांखालून गेली होती. मी मुन्शीला बाजूला घेतलं आणि म्हणालो, “मुन्शीजी, हे तीन वर्षांपूर्वीचं आहे. एका वर्षाची मुदत असते म्हणतात. सपकाळे साहेबांना एकदा विचारू या का?”

मी सपकाळ्यांचं नाव घेतलं तिथेच चुकलो. पितांबरनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“औषधनी बाटलीवर तारीख ऱ्हास कौतिक, गुन्हावर नही. तू तुनं टकटक कर.”

ओळीतले लोक हसले. मी जाऊन टकटक केलं. आधार तिथून पाच हातांवर उभा होता. त्याच्याकडे जाऊन चार शब्द बोलायला मला कोणी अडवलं नव्हतं.

आत चाळीस फायली होत्या. तारीख सरकारी वकिलानं वाचली नाही, साहेबांनी वाचली नाही. आधारनं पोटाशी हात जोडले, श्वास घेतला आणि म्हणाला, “कबूल, साहेब. चूक झाली.” मामानं शिकवलं होतं तसं, अगदी उत्तम. पन्नास रुपये दंड झाला. तो मामानंच भरला आणि बहिणीला पावती दाखवून म्हणाला, “देख अक्का, बारा वाजानी गाडी मियी जाई.” द्रौपदाबाईनं भावाच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

दंड भरला म्हणजे फाइल बंद, हे मुन्शीचं ज्ञान. दंड भरला म्हणजे शिक्षा झाली, आणि शिक्षा झालेला माणूस सरकारी फॉर्मवर कायमचा शिक्षा झालेला राहतो, हे त्याला तीस वर्षांत शिवलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याच गठ्ठ्यातला एक खटला पुकारला गेला. आरोपी नथ्थू, हमाल, अशीच एक बाटली, चार वर्षांपूर्वीची. नथ्थूही शाळेत उभा राहायला आला होता, पण त्याची बायको सपकाळ्यांच्या आईच्या ओळखीची निघाली. सपकाळे उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, “साहेब, गुन्ह्याची तारीख आणि कागद दाखल झाल्याची तारीख पाहावी.” साहेबांनी पाहिली. सरकारी वकिलाला उशिराचं कारण विचारलं. त्यांच्याकडे नव्हतं. दहा मिनिटांत नथ्थू बाहेर आला. कबूल नाही, दंड नाही, काही नाही. पितांबर तेव्हा दारातच उभा होता. कोटाच्या लांब बाहीनं त्यानं तोंड पुसलं.

मी संध्याकाळी सपकाळ्यांना विचारलं, कबूल केलेल्याचं काय? ते म्हणाले, वरच्या कोर्टात जाता येतं, जळगावला, पण नव्वद दिवसांच्या आत. कोण आहे ते? मी म्हटलं, आहे एकजण. तारीख मोजली तर बारा मे येत होती.

दुसऱ्या दिवशी मी पितांबरला गाठलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, सपकाळे साहेब फी घेणार नाहीत, फक्त आधारला घेऊन या. माझी अपेक्षा होती की तो उसळेल. तो उसळला नाही. चिंचेच्या मुळावर बसला आणि बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

“अक्काले काय तोंड दखाडू?” तो म्हणाला. मग म्हणाला, “आनी त्या सपकाळेना दारशी जाऊ? मी?”

“मुन्शीजी, पोराची नोकरी आहे.”

“देखतो. होळी हुई जाऊ दे.”

होळी झाली. मी आठवण करून दिली. तो म्हणाला, “बन्सीलालजींना विचारतो.” बन्सीलालजींना त्या वर्षी स्वतःचं नाव दोनदा विचारावं लागत होतं. मी पुन्हा आठवण करून दिली. “आखाजी हुई जाऊ दे.” आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. द्रौपदाबाई भावाकडे चार दिवस राहिली. झोका बांधला, सांजोऱ्या तळल्या, भावानं बहिणीला साडी घेतली. ती साडी नेसून ती कोर्टात मला भेटायलासुद्धा आली होती, आणि पुढच्या आखाजीला आधार एसटीचा पास काढून देईल, मग बसभाडं लागणार नाही, असं हसत सांगत होती. पितांबर तिच्यामागे उभा होता. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी मान खाली घालून रिबन बदलत बसलो.

माणूस चुकतो, त्याला मी नावं ठेवत नाही. तीस वर्षं लोकांना चुकीचं शिकवलं, तेही एक वेळ अज्ञान म्हणून सोडून देऊ. पण औषध हातात असताना, स्वतःच्या बहिणीच्या पोरासाठी, केवळ आपली झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून हा माणूस एकेक दिवस मोजत बसला. बारा मेला मी मुद्दाम त्याच्याकडे पाहत होतो. त्या दिवशी त्यानं तीन जणांना कबुली शिकवली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. तेरा तारखेला तर त्यानं मला आपणहून चहा पाजला, आणि मी तो प्यायलो.

जूनच्या शेवटी आधारला एसटीचं पत्र आलं. नेमणुकीआधी भरायच्या फॉर्ममध्ये ‘शिक्षा झाली आहे काय’ या रकान्यात त्यानं ‘होय’ लिहिलं होतं. खोटं लिहायचं त्याच्या मनातही आलं नाही. यादीतून नाव काढलं होतं.

मामा त्याला घेऊन माझ्याकडे आला. दयेचा अर्ज करायचा होता. पितांबर उभ्यानं सांगू लागला आणि मी टाइप करू लागलो. “माननीय साहेबांच्या चरणी अर्जदार नम्रपणे विनंती करतो की, अज्ञानामुळे अर्जदाराच्या हातून…” इथं माझी बोटं थांबली. मी कागद ओढून काढला.

“अज्ञान अर्जदाराचं नव्हतं,” मी म्हणालो.

मग मी आधारला सगळं सांगितलं. वर्षाची मुदत, नथ्थू हमाल, नव्वद दिवस, बारा मे. आवाज चढला होता, आजूबाजूचे लोक बघायला लागले होते, आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं. पितांबर मध्येच म्हणाला, “कायदा आते बदलना, तव्हय असं नव्हतं.” मी म्हटलं, चौऱ्याहत्तर सालचा कायदा आहे. तो काही तरी पुटपुटला, पिशवी उचलली आणि बाररूमकडे निघून गेला. बाह्या हलत होत्या. माझी खात्री होती की आधार त्याच्यामागे धावेल, निदान शिवी घालेल.

तो तिथेच माझ्यासमोरच्या बाकड्यावर बसला.

“वरना कोर्टमां आते जाता येई का?”

“उशीर माफ करा म्हणून अर्ज करता येतो. सपकाळे साहेब करतील. पण भरतीची यादी तोवर थांबणार नाही.”

त्यानं पत्राची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. मग त्यानं विचारलं, “कबूल म्हनाना दिन, तुमले माहीत व्हतं?”

“मी मुन्शीजींना सांगितलं होतं.”

“मामाले सांगं. माले?”

मी कार्बनचे कागद जुळवू लागलो.

“मी आठेच उभा व्हतो,” तो म्हणाला. “मंग आखाजीले माय उनी, तव्हय बी तुमले माहीत व्हतं. मामाले तं त्यानी इज्जत आडी उनी. तुमले काय आडं उनं?”

तो रागानं विचारत नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं आणि तो उत्तराची वाट पाहत थांबला होता. मी डोकं खाजवलं, टाइपरायटरकडे पाहिलं, चिंचेकडे पाहिलं. बायकोची आजारपणं होती का? नव्हती. मुन्शीनं माझं काम बंद पाडलं असतं का? नसतं, त्याला माझ्यावाचून कोणी टाइप करून दिलं नसतं. सपकाळे साहेब समोरच्या खोलीत बसत होते. आधारचं गाव बसनं अर्ध्या तासावर होतं. फेब्रुवारी ते मे मी तिथे एकदाही गेलो नव्हतो.

“काही नाही,” मी म्हणालो. “मला काहीच आडवं आलं नव्हतं.”

त्यानं मान हलवली, पत्र खिशात ठेवलं आणि बसस्टँडकडे चालू लागला.